घेतलेले रान आणि पहिले दहा गुंठे



कडोलीच्या आसपास हल्ली बरीच कुटुंबे थोडीफार जमीन विकत घेताना दिसतात. कुणाला सैन्यातून निवृत्त होताना रक्कम मिळालेली असते, कुणी गोव्यात वा आखातात राबून गाठीला पैसा बांधलेला असतो, तर कुणी घरातले सोने मोडलेले असते. काळे, पाण्याखालचे रान घ्यावे एवढी ऐपत बहुतेकांची नसते. मग पदरात पडतो तो उताराचा दीड-दोन एकरांचा तुकडा. वर मुरूम, खाली जांभा, आणि दहा-पंधरा वर्षे नांगर न लागल्याने माजलेली घाणेरी, बोरी-बाभळी, हरळी आणि कमरेएवढे गवत. दस्त होतो, घरात पेढे वाटले जातात आणि पुढच्याच आठवड्यात रानात मोठे यंत्र उतरते. दोन दिवसांत सारे लख्ख होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच रानात ओघळी पडतात, तिसऱ्या वर्षी कर्जाचा हप्ता थकतो आणि ज्या दलालाने जमीन दिली तोच गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहतो.

असे होऊ नये म्हणून हा लेख. मला मुख्यतः एकच सांगायचे आहे. घेतलेले सारे रान एकदम मोडू नये. पाण्याजवळचे दहा गुंठे आधी हातात घ्यावेत, ते घर पोसू लागेपर्यंत बाकीच्या रानाला गवताखाली आणि झाडाखाली राहू द्यावे.

दहा गुंठ्यांचा हा आकडा माझा नव्हे. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात श्रीपाद अच्युत दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकाने तो मांडला. हे दाभोळकर गारगोटीच्या मौनी विद्यापीठात होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोळकर हे त्यांचे धाकटे बंधू. श्रीपादरावांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो कोणत्याही सरकारी योजनेतून नव्हे. शेतकऱ्याने आपल्या रानात छोटा प्रयोग करावा, काय दिसले ते दुसऱ्याला कळवावे, आणि अशा देवाणघेवाणीतून सर्वांनी शिकावे, एवढीच कल्पना होती. सांगली-तासगाव भागातील द्राक्षबागायतदार या परिवारातून पुष्कळ शिकले. दाभोळकरांचे म्हणणे असे की, शेतकऱ्याचे खरे भांडवल ऊन होय. ते फुकट पडते, पण ते झेलायला हिरवे पान नसेल तर वाया जाते. तेव्हा जमीन किती आहे यापेक्षा वर्षातले किती दिवस ती हिरव्या पानाने झाकलेली असते, हे मोजावे. दहा गुंठे नीट सांभाळले आणि रोज हजारभर लिटर पाणी मिळाले, तर पाच माणसांचे कुटुंब पोसता येईल, असे ते सांगत.

आता मी स्पष्टच लिहितो. मुरमाड उतारावर पहिल्या वर्षी हे साधेल असे कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. माती तयार व्हायला तीन पावसाळे तरी लागतात. पण दहा गुंठे म्हणजे साधारण शंभर फूट रुंद आणि एकशेनऊ फूट लांब जागा. एवढी जागा नवरा-बायको आणि हाताशी आलेले एखादे पोर, मजूर न लावता सांभाळू शकतात. दोन एकर सांभाळू शकत नाहीत. या आकड्याचे मोल मला त्यातच दिसते.

आधी उतारा, मग कोयता

नव्या जमिनीला आशीर्वाद द्यायला मला बोलावतात तेव्हा मी आधी उतारा मागतो. काहींना ते विचित्र वाटते. पण जमीन साफ करण्यात पैसा घातल्यावर ती आपली नव्हेच असे कळण्यापेक्षा ते बरे. आपल्याकडचा उतारा, म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये असतो. आपल्यापैकी पुष्कळांना तो वाचता येत नाही आणि विचारायची लाज वाटते. लाजू नये. कन्नड शाळेत जाणाऱ्या पोराकडून किंवा विश्वासू माणसाकडून प्रत्येक रकाना वाचून घ्यावा. मालकाच्या नावापाशीच थांबू नये. बोजा, बँकेचे कर्ज, वाटण्या न झालेले हिस्से आणि 'सरकार' हा शब्द कुठे आहे, हे पाहावे. उपनिबंधकाच्या कचेरीतून मागच्या वर्षांचा बोजाचा दाखला काढावा.

शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेऊ नये ही अट कर्नाटकाच्या १९६१च्या जमीन सुधारणा कायद्यात होती, ती २०२० साली काढून टाकण्यात आली. त्यामुळे पुष्कळांना वाटते की आता कोणतीही जमीन घेता येते. तसे नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही. तसा कायदा १९७८ पासून आहे. असा व्यवहार रद्द ठरून जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते, आणि ते न्याय्यच आहे. गायरान आणि वनखात्याची हद्द यांच्या बाबतीतही तसेच. खानापूर, चंदगड बाजूच्या माजलेल्या रानाला लागून जंगल असते, तेथे सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये. आपल्या नावावरच्या जमिनीतले झाड तोडायलाही कर्नाटकात १९७६च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे बहुतेक जातींसाठी परवानगी लागते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेली नसते. पंधरा वर्षे पडून असलेल्या रानात गावातल्या बायका सरपणाला आणि गवताला जातात, गुराखी गुरे घालतात. आपण कुंपण घातले की त्यांची सोय बंद होते. मग रात्री कुंपण मोडते, आपण पोलिसांत जातो आणि शेजार कायमचा तुटतो. त्यापेक्षा पहिल्याच वर्षी जाऊन सांगावे की गुरे सोडू नका, पण कापून न्यायचे असेल तर दहा गुंठ्यांबाहेरचे गवत आणि घाणेरीचे सरपण घेऊन जा. रान फुकट साफ होते आणि कुंपणाला शेजाऱ्याची राखण मिळते.

पाणी कुठून येते, कुठे जाते

वरोऱ्याजवळचे आनंदवन आज जगाला माहीत आहे. १९५१ साली बाबा आमटे, साधनाताई, त्यांची दोन लहान मुले आणि सहा कुष्ठरोगी तेथे राहायला गेले तेव्हा ती पन्नास एकर खडकाळ, झाडोऱ्याने भरलेली, सापा-विंचवांची जागा होती. सोबत एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. बोटे झडलेल्या माणसांनी साध्या अवजारांनी तेथे पहिली विहीर खणली, आणि पाणी लागल्यावर मग शेती उभी राहिली. पुढे भाजीपाला पिकू लागला. तो वरोऱ्याच्या बाजारात नेला तर कुष्ठरोग्यांच्या हातचा म्हणून लोक घेईनात. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण येऊन त्यांच्यात राहिले, त्यांच्याबरोबर राबले, जेवले, तेव्हा कुठे गावाची भीड चेपली. माजलेले रान मोडणे एकवेळ सोपे असते, पिकलेले विकणे अवघड असते, हे आनंदवनाला आरंभीच कळले. आपल्याला त्यातून घेण्यासारखे हे की तेथे पाणी आधी आले.

पुरंदर तालुक्यातील नायगावची गोष्ट आपल्या शेताला अधिक जवळची आहे. १९७२च्या दुष्काळात पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांनी दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे पाहिली आणि त्यांना चैन पडेना. त्यांनी नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक, उताराची जमीन पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. पावसाचा तेथे तुटवडा. साळुंख्यांनी काय केले? उतारावर समपातळीत बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, तलावाच्या खाली विहीर खणली आणि त्या विहिरीचे पाणी पुन्हा वर चढवले. उताराच्या टोकाला गवत आणि झाडे, खाली धान्य. ज्या रानात काही पिकत नव्हते ते रान धान्याने भरले. त्यातूनच 'पाणी पंचायत' निघाली. तिचा नियम असा की पाणी माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही पाण्यात वाटा, आणि ऊस लावायचा नाही. आपल्या भागात हा शेवटचा नियम पुष्कळांना झोंबेल. पण नव्या रानावर ऊस लावण्याची घाई करणाऱ्यांनी तो भिंतीवर लिहून ठेवावा असे मला वाटते.

नायगावच्या मानाने आपण श्रीमंत आहोत. पश्चिमेला कणकुंबीकडे पाऊस कोसळतो, पूर्वेकडे जाऊ तसा तो उणावतो, आणि बेळगावजवळचे आपण मध्ये आहोत. वर्षाला १,००० मिलिमीटर एवढाच धरला तरी एका एकरावर सुमारे चाळीस लाख लिटर पाणी पडते. दहा गुंठ्यांवर दहा लाख. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत दहा गुंठ्यांना रोज हजार लिटर म्हणजे दोन लाखांच्या आसपास लागतात. हिशेब पाहा, आपल्याच रानावर पडलेल्या पाण्याचा थोडासा भाग अडला तरी पुरे आहे. तो अडत नाही, कारण जांभ्याच्या उतारावरून तो दोन तासांत ओढ्याला जातो.

म्हणून जमीन घेतल्यावर पहिला पावसाळा भर पावसात डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिक घेऊन रानात फिरावे. पाणी कुठून शिरते, कुठे साचते, कुठून माती घेऊन जाते, तेथे खुंट्या ठोकाव्यात. हे काम कोणताही इंजिनिअर उन्हाळ्यात येऊन करू शकत नाही. मग दिवाळीनंतर त्या खुंट्यांप्रमाणे बांध घालावेत. समपातळी काढायला तीन काठ्यांची 'ए' अक्षरासारखी चौकट आणि मधोमध दोरीला बांधलेला दगड पुरतो. बांधावर वाळ्याची ठोंबे लावावीत, त्याची मुळे खोल जातात आणि बांध धरून ठेवतात. शेततळे करायचे असेल तर वर तेहतीस फूट लांब-रुंद, दहा फूट खोल आणि कडांना पंचेचाळीस अंशांचा उतार दिला, तर सुमारे दीड लाख लिटर पाणी मावते. मात्र जांभ्यात आणि मुरमात ते टिकत नाही. काळ्या चिकण मातीचा थर ठोकून किंवा जाड प्लॅस्टिकचे अस्तर घालूनच ते धरते. अस्तराच्या तळ्यात माणूस घसरला की वर येता येत नाही, तेव्हा कुंपण आणि कडेला गाठी मारलेला दोर हवाच. घरात लहान मूल असेल तर हे आधी करा, तळे नंतर. तळ्यात गप्पी मासे सोडले की डासांच्या अळ्या खातात.

यंत्र, नांगर आणि माणूस

माजलेल्या रानाची वरची चार-सहा इंच माती ही त्या पंधरा वर्षांची कमाई असते. गवताची मुळे कुजून, पाला पडून ती तयार झालेली असते. यंत्राचे पाते झाडोऱ्याबरोबर ती माती खरवडून बांधाला नेऊन टाकते आणि आपल्याला उरतो लाल मुरूम. यंत्राला माझा विरोध नाही. मोठे दगड काढायला, तळे खणायला, बांध घालायला ते जरूर लावावे. झुडपे काढायला लावू नये.

पेटवून देण्याची आपली जुनी खोडही सोडावी. आगीने घाणेरीचा पाला जळतो, मूळ जळत नाही, आणि पहिल्या पावसात ती दुप्पट जोमाने फुटते. घाणेरीचे खोड जमिनीलगत कापले तरी तेच होते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली दोन बोटे टिकावाने तोडावे आणि झुडूप उलटे करून तेथेच वाळू द्यावे, म्हणजे पुन्हा रुजत नाही. वाळलेल्या फांद्या काटेरी कुंपणाला व चुलीला चालतात. फुले-फळे येण्यापूर्वी हे करावे, कारण तिची काळी फळे पक्षी खातात आणि बी चहूकडे नेतात. गुरांना घाणेरीचा पाला घालू नये. भुकेली गाय तो खाते आणि तिला कावीळ होते, उन्हात कातडी सोलपटते. नव्या रानात बांधलेल्या गाईचे डोळे पिवळे दिसले तर आधी ही शंका घ्यावी.

हरळी आणि लव्हाळा ही खरी डोकेदुखी आहे. त्यांना कोयता लागू पडत नाही. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून ढेकळे उलटी टाकावीत, उन्हात हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी वाळू द्याव्यात, कुळवाने वर ओढून वेचाव्यात. ज्या लोखंडी नांगराने हे काम होते तो आपल्याच बेळगावात तयार झाला, हे किती जणांना माहीत आहे? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो येथे केला, १९०३च्या सुमारास. लोखंडाने जमीन नासते अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे नगरपालिकेने त्यांना जागा सोडायला लावली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला. तो निवडुंगाने माजलेला आणि सापांनी भरलेला. १९१० साली ती जागा साफ करूनच किर्लोस्करवाडी उभी राहिली.

निवडुंगाचेच सांगायचे तर त्याचा माणसापेक्षा मोठा वैरी एक किडा ठरला. दक्षिण हिंदुस्थानात फड्या निवडुंगाने हजारो एकर रान गिळले होते. १९२६ साली सिलोनमधून एक पिठासारखी पांढरी कीड आणून सोडली, तिने काही वर्षांत तो निवडुंग खाऊन संपवला. गाजरगवतावरही बेंगळुरूला १९८४ साली मेक्सिकोतला भुंगा सोडण्यात आला. पावसाळ्यात तो आपल्याकडेही पानांवर दिसतो. पट्ट्यापट्ट्यांचा, पिवळसर. त्याला कीड समजून मारू नये.

पहिल्या पिकाविषयी थोडे. कडोलीच्या माणसाला नवे रान दिसले की बटाटा दिसतो. नव्या मोडलेल्या गवताळ रानात पहिल्या वर्षी बटाटा घालू नये असे माझे मत आहे, आणि जाणती मंडळीही हेच सांगतात. बियाणे महाग, आणि गवताच्या मुळांवर पोसलेली हुमणी तयारच बसलेली असते. ती बटाटा पोखरते. पहिल्या पावसात ताग किंवा धैंचा दाट पेरावा, फुलावर येताच गाडावा. हुलगा, चवळी यांनीही रान झाकते. ज्यांना पहिल्याच वर्षी चार पैसे हवेत त्यांनी रताळी लावावीत. हलके तांबडे रान त्याला मानवते, बेणे शेजाऱ्याकडून वेलाच्या रूपाने मिळते, आणि वेल एकदा पसरला की खाली तणाला डोके वर काढू देत नाही. भांगलण एकच करावी लागते. ज्या पिकासाठी आपला भाग नावाजलेला आहे तेच पीक रान ताळ्यावर आणण्याच्या कामी येते. रताळ्यालाही थोडी हुमणी लागते, पण सारे भांडवल बुडत नाही.

हुमणीचा बंदोबस्त वळवाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर करायचा. त्या संध्याकाळी भुंगे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांवर पाला खायला बसतात. आठ-दहा दिवस रात्री झाडे हलवून भुंगे खाली पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. एकट्याने केले तर उपयोग थोडा. साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात केले तर पुढच्या वर्षी फरक पडतो. मुलांना हे काम फार आवडते.

माती परीक्षण करून घ्यावे. रयत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. जांभ्याची माती आंबट असते, तिला चुना लागतो की नाही हे तपासल्याशिवाय खताची गोणी उचलू नये.

दहा गुंठ्यांत काय असावे? मी नकाशा काढून देणार नाही, कारण प्रत्येकाच्या रानाचा उतार वेगळा. पण घर, गोठा आणि शेणखताचा खड्डा वरच्या अंगाला असावा म्हणजे सांडपाणी आणि खत खाली उतरते. संडास मात्र विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत नको आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको. मोरीचे पाणी केळी आणि अळूला जावे. दाराशी शेवगा, पपई, कढीपत्ता, लिंबू. दोन-तीन गुंठे भाजी, पालेभाजी रोज ताटात येईल अशी. आपल्या मुलाबाळांत आणि बाळंतिणींत रक्त कमी असण्याची तक्रार किती आहे हे आरोग्य केंद्रातील नर्सबाईंना विचारा. गोळ्या घ्याव्यातच, पण शेवग्याचा पाला आणि नाचण्याची भाकरी बाजारातून आणावी लागू नये. उरलेल्या जागेत नाचणा, तूर, भुईमूग. बाकीच्या रानात बांधाने काजू किंवा आंबा आधी लावून ठेवावा, कारण त्याला वेळ लागतो. मध्ये गवत. त्या गवतावर एक गाय निघते, आणि गाईच्या शेणावर दहा गुंठे.

अंगाची काळजी

माजलेले रान साफ करताना झालेली इजा हा आपल्या या पानाचा विषय आहेच. गुडघ्यापर्यंत बूट घातल्याशिवाय गवतात शिरू नये, आणि दगड किंवा फांद्यांचा ढीग उचलताना हात आधी घालू नये, काठीने हलवावे. जांभ्याच्या रानात फुरसे फार. ते लहान असते म्हणून लोक त्याला हसतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर दवाखान्यातील सर्पविषावरची लस चालते. चावलेला भाग कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि सरळ बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही.

लाल विंचू चावून घाम फुटला, हातपाय गार पडले, तोंडातून लाळ येऊ लागली तर तो जीवघेणा प्रकार समजावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीने असे रोगी वाचतात हे दाखवले. आज आपल्या बाजूच्या डॉक्टरांना हा उपचार ठाऊक आहे, पण रोगी वेळेवर पोचला पाहिजे.

गाजरगवत हाताने उपटणाऱ्यांना खाज येते, काहींची मान, पापण्या आणि हात सुजून कातडी जाड होते. एकदा हे जडले की दरवर्षी त्रास देते. हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात, अंग झाकावे, फुलावर येण्यापूर्वी पावसात उपटावे. ज्यांना त्रास झाला आहे त्यांनी हे काम दुसऱ्याला द्यावे.

खानापूर, चंदगड, दोडामार्ग बाजूला रान घेणाऱ्यांनी माकडतापाचे नाव ऐकून ठेवावे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात तो प्रथम सापडला, २०१६ साली दोडामार्गात त्याची साथ आली. गोचिडीमुळे होतो. त्या भागात माकडे मरून पडलेली दिसली तर रानात जाऊ नये आणि आरोग्य खात्याला कळवावे. काजूच्या हंगामात जोराचा ताप आणि अंगदुखी आली तर डॉक्टरांना आपण रानात काम करतो हे सांगावे, त्यावरून ते वेगळा विचार करतात.

तणनाशकाविषयी. पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही, एवढे ध्यानात ठेवा. दोन घोट पोटात गेले तरी माणूस हातचा जातो. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवलेले मी घराघरांत पाहिले आहे. ते घरात आणूच नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, विशेषतः जेथे कर्जाची चिंता आहे तेथे. आणि ज्याला रात्री झोप येत नाही, हप्त्याचा विचार डोक्यातून जात नाही, त्याने माझ्याकडे यावे किंवा शेजाऱ्याकडे जावे. रान थोडे दिवस तसेच राहिले तरी काही बिघडत नाही.

आता कुंपण. तारेला पैसे घालण्यापूर्वी गिरिपुष्पाचा विचार करावा. त्याच्या मनगटाएवढ्या जाड, पाच-सहा फूट लांब फांद्या मेच्या अखेरीस तिरप्या कापून हात-दीड हाताच्या अंतराने रोवल्या की पावसात फुटतात. पाला खताला होतो. कोवळ्या फांद्यांच्या कुंपणाला पहिल्या वर्षी घाणेरीच्या वाळलेल्या काटक्यांचा आधार द्यावा. ज्यांच्या बांधावर जुने गिरिपुष्प आहे त्यांनी यंदा छाटणी मार्चमध्ये न करता मेअखेरपर्यंत थांबावे, म्हणजे ज्यांनी नुकतेच रान घेतले आहे त्यांना फांद्या मिळतील.